बागेचा नकाशा आपणही काढू या



डॉक्टर सांगतात, "रोज चाला." मुले सांगतात, "घरात बसून राहू नका." आपण मान हलवतो आणि खाली उतरतो. खाली काय असते? उन्हात तापलेले बाक, त्याला पाठ नाही की हात नाहीत. फायकसच्या मुळांनी फुटपाथ उचललेला आणि वर पिकलेल्या फळांचा चिकट थर. दोन शिकुनांच्या मध्ये मोकळी जागा असते, पण तिथे खडी, वाळके गवत आणि मांजरे. अशा ठिकाणी चालायचे कुठे, आणि दमल्यावर टेकायचे कुठे? पुष्कळ ज्येष्ठ मंडळी घराबाहेर पडत नाहीत ती आळसामुळे नव्हे. बाहेरची जागा आखताना त्यांचा विचारच झालेला नसतो.

म्हणून या वेळी औषधाच्या चिठ्ठीऐवजी बागेच्या नकाशाबद्दल लिहीत आहे. इस्रायलमध्ये अनेक गावांत शेजारपाजारचे लोक, मतनास आणि इरिया मिळून सामुदायिक बागा करतात. हिब्रूत तिला 'गिना केहिलातीत' म्हणतात. तिथे माती उकरणारे हात लागतात, तशीच आखणी करणारी माणसेही लागतात. ते काम बहुतेक वेळा स्वयंसेवकच करतात. अशी बाग झाली की आपल्याला उद्घाटनाला बोलावतात, पुढच्या रांगेत बसवतात आणि हातात रोप देतात. माझे म्हणणे एवढेच, की आपण त्याच्या सहा महिने आधी, कागद-पेन्सिल घेऊन आखणीच्या टेबलाशी बसावे. गुडघा कुठे दुखतो हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

हा आरोग्याचा विषय कसा?

१९८४ साली रॉजर उलरिच यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधेही कमी लागली. अभ्यास लहान होता. पण त्यानंतर रुग्णालये आणि वृद्धाश्रम बांधणारे लोक बागेकडे नुसती शोभा म्हणून पाहीनासे झाले.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील लोकांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे काम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. आपल्या हिंदुस्थानी मंडळींत मधुमेह घरोघरी, त्यामुळे हा सल्ला आपल्याला जास्तच लागू. दिवसातून वीस-पंचवीस मिनिटे चालले की १५० मिनिटांचा हिशेब पुरा होतो. मात्र त्यासाठी घराजवळ सपाट वाट, सावली आणि टेकायला जागा हवी. ती आखणी कोणी तरी केल्याशिवाय होत नाही.

दुसरा लाभ मनाचा. जोडीदार गेल्यावर, मुले दुसऱ्या गावी गेल्यावर दिवस मोठा होतो. आखणीच्या कामात मोजावे लागते, आठवावे लागते, चार दारे ठोठवावी लागतात, कधी भांडावेही लागते. सगळे बसून करता येते. ज्यांना वाकता येत नाही, त्यांच्यासाठी बागेतले हेच काम उत्तम.

आपल्याला जमेल का?

आपल्या आडनावांतच गावे आहेत: पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर. त्या गावांतल्या वाड्या आठवा. विहिरीपासून पाट कुठून न्यायचा, माडाला आळे केवढे करायचे, न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ आणि अळू लावायचे, पोफळीच्या सावलीत काय वाढते, हे आपल्या आजी-पणजीने कागदावर कधी काढले नाही, पण ती आखणीच होती. (सांडपाण्याची युक्ती मात्र इथे परस्पर करू नका, आरोग्य खात्याचे नियम कडक आहेत.) ज्यांचे आयुष्य मुंबईत गेले त्यांच्यापैकी कोणी रेल्वेत होते, कोणी सरकारी कचेरीत, कोणी परिचारिका, कोणी शाळेत शिक्षिका. नकाशा वाचणारा, यादी करणारा, पेशंटला आधार देऊन उठवणारा, मुलांना रांगेत उभे करणारा, अशा प्रत्येकाचा इथे उपयोग आहे.

आपल्याच समाजातील रूबेन डेव्हिड यांचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी प्राण्यांच्या उपचाराचे ज्ञान स्वतःच्या निरीक्षणातून मिळवले, १९५१ मध्ये अहमदाबादला कांकरिया तलावाकाठी प्राणिसंग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांचे ते नोकरीचे काम होते आणि आपले हौसेचे. तरी बारकाईने पाहणाऱ्या माणसाच्या हातून सार्वजनिक जागा कशी घडते, हे त्यातून कळते.

एक मर्यादा मात्र पाळावी. उंच भिंती, मोठे चढ, विजेचे दिवे, मंडपाचे खांब यांचे आराखडे आणि सह्या परवानाधारक व्यावसायिकाच्याच हव्यात. आपले काम त्याच्या आधीचे: इथे कोण येणार, त्याला काय जमते, काय जमत नाही, हे कागदावर मांडून त्याच्या हातात देणे.

आधी पाहावे, मग आखावे

जागेचा साधा नकाशा काढा. फीत लावून मोजा आणि कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर असे प्रमाण धरा. इमारती, झाडे, पाण्याचा नळ, गेट, पायऱ्या, मिक्लात आणि सर्वांत जवळचे स्वच्छतागृह दाखवा. शेवटच्या गोष्टीला हसू नका. पाण्याची गोळी घेणारी बाई आणि प्रोस्टेटचा त्रास असलेला गृहस्थ बागेत यायचे की नाही हे आधी तेवढ्यावरूनच ठरवतात.

मग एक दिवस सकाळी आठपासून दर दोन तासांनी सावली कुठवर येते ती पेन्सिलीने आखा. हे उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा करा. आपल्याकडे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरमध्ये दक्षिणेला खाली झुकलेला असतो. त्यामुळे एकाच बाकावर उन्हाळ्यात चटके बसतात आणि हिवाळ्यात गारठा. उपाय जुनाच आहे, द्राक्षाच्या वेलीचा मांडव. उन्हाळ्यात दाट पाने, हिवाळ्यात पानगळ, म्हणजे ऊनही आले. पिकलेली द्राक्षे मात्र वेळेवर उतरवा. फरशीवर पडली तर घसरण होते आणि गांधीलमाश्या येतात.

वाराही पाहा. किनाऱ्याच्या गावांत दुपारनंतर वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. तरुण मंडळींना मंगल भाजायची जागा हवीच असते. ती ज्येष्ठांच्या बाकांच्या पूर्वेला ठेवा, म्हणजे धूर दमेकऱ्यांच्या नाकात जाणार नाही. मुलांचा चेंडू, तरुणांचे मंगल आणि आपली शांतता यांवरून दर सभेत वाद होतो. तोंडी वाद संपत नाही. नकाशा मध्ये ठेवला की पुष्कळदा तिघांनाही कोपरा सापडतो.

लक्षात ठेवायची मापे

ही मापे लिहून घ्या आणि सभेला बरोबर न्या.

• वाट: एका व्हीलचेअरला किमान ९० सेंटिमीटर रुंदी लागते. दोघांना समोरासमोरून जायचे असेल किंवा खुर्ची वळवायची असेल तर १५० सेंटिमीटर. नात आजीचा हात धरून चालणार असेल तरीही दीड मीटरच बरे.

• चढ: वीस मीटरला एक मीटर चढ सोसवतो. रॅम्पचा चढ बारा मीटरला एक मीटर यापेक्षा जास्त नसावा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा.

• वाटेचा पृष्ठभाग: घट्ट, सपाट, ओला झाला तरी न घसरणारा. सुटी खडी वॉकरच्या चाकाला अडते. ठिबकची नळी वाटेवरून नेऊ नका, खालून न्या. चांगल्या बागांत पाय अडकून पडण्याचे कारण अनेकदा ही नळीच असते.

• बाक: बसण्याची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर. पाठ हवी आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण उठताना जोर हातांवर येतो. शेजारी व्हीलचेअर उभी राहील एवढी जागा सोडा. दोन बाके काटकोनात मांडली की ऐकू कमी येणाऱ्याला समोरच्याचे तोंड दिसते आणि गप्पा रंगतात. दर पन्नास मीटरवर एक बाक असावे. हृदयाच्या आणि दम्याच्या रुग्णांसाठी त्याहूनही जवळ.

• उंच वाफे: खुर्चीत बसून काम करणाऱ्याला ६० ते ७५ सेंटिमीटर उंची, उभ्याने काम करणाऱ्याला ८० ते ९०. एका बाजूनेच हात पोचणार असेल तर रुंदी ६० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी पोचत असेल तर १२०.

• वजन: दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच वाफ्यात सुमारे दीड घनमीटर माती बसते. ओली झाल्यावर तिचे वजन दोन टनांच्या आसपास जाते. गच्चीवर किंवा मिक्लातच्या छतावर असे वाफे इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवू नयेत.

• डोळे: पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढावा. मांडवाच्या पट्ट्यांची काळी-पांढरी सावली वाटेवर पडली तर मोतीबिंदू किंवा विस्मरण असलेल्या माणसाला ती पायरी वाटते आणि तो अडखळतो. मांडव वाटेवर न घालता बाकांवर घालावा.

• विस्मरणाचा आजार असलेल्यांसाठी वाट गोल फिरून पुन्हा सुरुवातीला यावी. वाट मध्येच संपली की ते गोंधळतात.

सायरन वाजला तर

हा प्रश्न आपल्या देशात टाळता येत नाही आणि नकाशावरही टाळू नये. सायरननंतर सुरक्षित जागी पोचायला अश्कलोनला ३० सेकंद, अश्दोदला ४५ आणि बेर-शेवाला ६० सेकंद धरले जातात. आता हिशेब करा. वॉकर घेऊन चालणारा माणूस सेकंदाला साधारण अर्धा मीटर जातो. बाकावरून उठायलाच दहा सेकंद गेली तर अश्कलोनला त्याच्या हाती राहतात वीस सेकंद, म्हणजे दहा मीटर. बाक मिक्लातपासून चाळीस मीटरवर असेल तर ते त्याच्यासाठी नाहीच.

म्हणून ज्येष्ठांची बाके मिक्लातच्या दाराच्या बाजूला आणि थेट वाटेवर असावीत. मध्ये पायरी नको, बंद गेट नको, कुंड्यांची रांग नको. मिक्लातला उतरायला पायऱ्या असतील तर कठड्याची मागणी इरियाकडे लेखी करा. आपल्या विभागाची वेळ पिकुद हाओरेफकडून तपासून नकाशाच्या कोपऱ्यात लिहा. कडक शब्दांत भाषण करण्यापेक्षा हा दहा मीटरचा हिशेब सभेत मांडला तर जास्त परिणाम होतो.

झाडे कोणती?

स्दे-बोकेरजवळ बेन-गुरिऑन पती-पत्नींची समाधी पुष्कळांनी पाहिली असेल. तिथल्या बागेची आखणी लिपा याहालोम आणि दान झूर या जोडीने केली. या दोघांना १९९८ मध्ये इस्रायल पुरस्कार मिळाला. वाळवंटाशी भांडण न करता तिथलीच झाडे आणि तिथलाच दगड त्यांनी वापरला. आपणही तेच करावे: पाणी कमी पिणारी, आपल्या भागात टिकणारी झाडे आधी.

रोझमेरी, साल्व्हिया, लॅव्हेंडर ही थोड्या पाण्यावर जगतात आणि वासाची आहेत. ती कमरेच्या उंचीवर लावा, म्हणजे हात फिरवला की वास येतो. नजर कमी झालेल्यांना बाग अशीच दिसते. गवती चहा, पुदिना आणि मलिद्याच्या तबकासाठी सब्जा यांचा एक वाफा आपला ठेवावा. कढीपत्ता किनाऱ्यावर बरा जगतो. यरुशलेम किंवा नेगेवच्या थंडीत कुंडीतच बरा, हिवाळ्यात आत घेता येतो. चाफा आणि गुलमोहर इथेही फुलतात. गुलमोहर पाहिला की मुंबईचा मे महिना आठवतो, पण त्याची मुळे वर येऊन फरशी उचलतात, म्हणून तो वाटेपासून लांब लावा.

टाळायची झाडेही आहेत. कण्हेर, जिला इथे हर्दुफ म्हणतात, पानाफुलांसकट विषारी आहे. बकाण्या निंबाची, म्हणजे अझदारेखेतची, पिवळी फळेही विषारी. नातवंडे खेळतात तिथे ही दोन्ही नकोत. तुती आणि फायकस वाटेवर नको. दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर बाकाच्या शेजारी जैतून नको. त्याचे परागकण वसंतात त्रास देतात.

पाण्यासाठी ठिबकच, इथल्या भाषेत तफतफोत. सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर १९६५ मध्ये बेर-शेवाजवळच्या हात्झेरीम किबुत्झात नेताफीम कंपनी सुरू झाली, आणि आज महाराष्ट्रातही द्राक्षाला, उसाला, डाळिंबाला ठिबक असते. ज्येष्ठांच्या दृष्टीने तिचा फायदा असा, की पाण्याचे झारे उचलावे लागत नाहीत. कुंड्यांखालच्या बशांत मात्र पाणी साचू देऊ नका. डासांमुळे पसरणारा वेस्ट नाईल ताप तरुणापेक्षा म्हाताऱ्या माणसाला जड जातो.

धर्माचे नियमही नकाशात धरा. नव्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळे ओर्ला म्हणून खात नाहीत. निरनिराळ्या भाज्या एकाच वाफ्यात मिसळून पेरण्याबद्दल किलायीमचे नियम आहेत. पुढचे शमिता वर्ष २०२८ च्या रोश हशानाला सुरू होईल. मोठी लागवड त्याआधी उरकावी. तपशील आपल्या रब्बींना विचारावा.

काम करताना तब्येत

उन्हाळ्यात दहा ते चार बागेत काम नको. शरावच्या दिवशी सकाळीही नको. वय वाढले की तहान कमी जाणवते, म्हणून तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे बंधन असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढेच. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाकून एकदम उभे राहू नये. आधी बसावे, दहापर्यंत मोजावे, मग उठावे.

मधुमेहींनी बंद बूट घालावेत आणि संध्याकाळी तळपाय पाहावेत. पायाची संवेदना कमी असेल तर काटा रुतलेला कळत नाही. इन्सुलिन घेत असाल तर खिशात साखर ठेवा. मातीची पिशवी तोंडापासून दूर धरून उघडा, माती थोडी भिजवा, हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर कुपत-खोलीममध्ये विचारा. एकच काम वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ करू नका. काम बदला, बसा, पुन्हा उठा.

सुरुवात कुठून?

एकट्याने जाऊ नका. तिघे-चौघे जमा आणि मतनासमध्ये जाऊन विचारा, आपल्या वस्तीत बागेची काही योजना आहे का. स्वयंसेवक म्हणून नाव अधिकृत संस्थेमार्फत नोंदवा. अशा नोंदणीने काम करताना इजा झाली तर बितुआख लेउमीची तरतूद लागू होऊ शकते. परस्पर फावडे उचललेल्याला ती मिळत नाही. जमीन कोणाची आहे ते विचारा, आणि खणण्याआधी पाण्याच्या व विजेच्या तारा-नळ्यांचा नकाशा इरियाकडून मागा. पाणी कोण भरणार, वाफे कोण साफ करणार आणि ठिबकची चावी कोणाकडे, हे रोप लावण्यापूर्वी कागदावर लिहा. पुष्कळ बागा पैशाअभावी सुकत नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात त्या कोणाच्या आहेत हेच ठरलेले नसते, म्हणून सुकतात.

हिब्रूत बोलायला अवघड वाटत असेल तर नातवंडाला बरोबर न्या. नकाशा त्याला आवडेल, आणि आजीला बोलायला दुभाषी मिळेल. सगळी बाग एकदम होत नसेल तर एकच मागणी करा: मिक्लातच्या वाटेवर, सावलीत, पाठ आणि हात असलेले एक बाक. ते मिळाले की त्याच्या शेजारी सब्ज्याचा वाफा मागा.

तू बिश्वातला कोकणात एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा होत असे, आणि इथे तो झाडे लावण्याचा सण. येत्या तू बिश्वातला हातात रोप घ्याच, पण ते कुठे लावायचे हे त्याच्या आधी ठरवणाऱ्यांत तुमचेही नाव असू द्या. आपण लावलेल्या झाडाची सावली आपल्यालाही मिळो, अद मेआ वेएस्रीम.